सुजाताचा गेम आणि माझं फोल्डर

सोमवार, संध्याकाळ

विंडोज काढून मी कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं; त्यावर सुजाताचा गेम चालत नाही. रात्रपाळीआधी दुपारभर खटपट करून पोरीनंच सांगितलं. गेमचा पहारेकरी प्रोग्राम विंडोजच मागतो, आणि अख्ख्या कॉम्प्युटरवर नजर ठेवतो. त्याच कॉम्प्युटरवर माझं फोल्डर: कुरकुंभच्या कारखान्यातल्या कामगारांनी माझ्या बातमीसाठी गुपचूप दिलेले फोटो, नावांसकट. नावं फुटली तर त्यांच्या नोकऱ्या जातील. सुजाताही तिथंच कामाला.

"आप्पा, त्यो खेळातली लबाडी पकडतो. तुमच्या बातम्या कोण वाचतंय?"

हसलो. उगाच घाबरतोय का मी? आठवड्याची एकच सुटी, रविवारची, तेव्हाच तिच्या मैत्रिणी खेळायला जमतात. विंडोज परत टाकावं?

मग तीच म्हणाली, "पयला फोटो म्याच दिलाय न्हवं? ऱ्हाऊ द्या त्ये विंडोज."

रविवारी ती शिक्रापूरला मैत्रिणीच्या खोलीवर खेळायला जाईल. लिनक्सच राहिलं, तरी मी फोल्डरातली नावं पुसणार. पहिलं तिचं.