टँकसाठी थंड जागा

सौंसर, रविवार, दिवेलागण

आज नागपूरहून खाऱ्या पाण्याच्या टँकचं सामान आणलं. पंप, समुद्री मीठ, प्रवाळाचे दगड. दुकानदार हीटरही देऊन राहिला होता. म्हटलं, बाबा, आमच्याकडं मे महिन्यात माणूस उकडून निघते, हीटर कायले? तो हसला. मग म्हणाला, काका, पाणी तापलं तर प्रवाळ मरतात. पाणी थंड करायची मशीन आपल्या आवाक्याबाहेरची. बसमध्ये तेच डोक्यात. आपल्या हौसेपायी जीव आणून मारायचे का?

टँक मी बैठकीत ठेवणार होतो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. आमची कारभारीण म्हणाली, "लोकायले दाखवाचं हाय का मासे जगवाचे हायेत?" अन् स्वयंपाकघरातला कोपरा रिकामा करून राहिली. माठ तिथंच असतो, घरातली सगळ्यात थंड जागा.

"अन् माठ?"

"माठ बसंल बैठकीत. पाहुण्यायले पाणी तरी भेटंल."

माठ मीच उचलून बैठकीत नेला. हीटर घेतला नाही ते बरंच झालं. हा उन्हाळा नुसतं खारं पाणी अन् दगड ठेवीन, वरून लहान पंखा लावीन. पाणी थंड राहिलं तरच मासे अन् प्रवाळ. एवढं ठरलं, अन् भाकर गोड लागली.