इलायजा स्टिनेटच्या नावाला ओ

मी, ऑर्फा स्टिनेट, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार लॉरेल गॅप, अलाबामा, कोणाच्याही दडपणाशिवाय ही अखेरची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझे डोके फिरले आहे असे माझा भाचा वर्लन गावभर सांगतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. शिवणयंत्र व रजया शेजारच्या डेसीला. बिडाचा तवा वर्लनच्या बायकोला. तिची मक्याची भाकरी तव्यामुळे बिघडते म्हणे, आता बघू.

२. घर व पीचची बाग वर्लनला, पण एका अटीवर. कचेरीसमोर उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धाच्या शताब्दीचा दगड बसतो आहे. त्यावर ठार झालेल्यांत माझे आजोबा एसा यांचे नाव कोरायचा वर्लनने घाट घातला आहे.

आजोबांच्या डोंगरी पलटणीच्या हजेरीपटावर १८६४च्या वसंतात त्यांच्या नावापुढे ‘पळाला’ आहे. माणसे उरली नाहीत म्हणून तेव्हाच ती पलटण नदीकाठच्या पलटणीत मिसळली. मिसळलेल्या पलटणीच्या पटावर तेच नाव ‘हजर’, आणि हिवाळ्यात ‘ठार’. आजोबा तर १९०१ साली माझ्या डोळ्यांदेखत याच घरात वारले.

वर्लन म्हणाला, “आत्या, कागदावर ठार आहे ना? मग ठार!”

“अरे शहाण्या, मग त्यानंतर चार वर्षांनी तुझे आजोबा जन्मले कसे?”

मी वीस वर्षे दप्तरखान्यात खेटे घातले. अखेर नव्या पलटणीच्या इस्पितळाच्या नोंदीत ‘एसा’ सापडले: वय सतरा, केस तांबडे. आजोबा तेव्हा तिशीचे, काळ्याभोर केसांचे. तांबड्या केसांचा त्यांचा धाकटा भाऊ इलायजा. ‘तो टेक्सासला गेला,’ एवढेच घरात सांगत.

तेव्हा आजी बाळंतीण, पेरणी खोळंबलेली. पळालेल्याला पकडून गोळी घालत. नव्या हवालदाराला कोणाचे चेहरे ठाऊक नव्हते. आजोबा घरी आले आणि त्यांना कोणी शोधत येऊ नये म्हणून नव्या पलटणीत त्यांच्या नावाला इलायजाने ओ दिली. म्हणजे दोन्ही पट आपापल्या परीने खरे; फक्त पोराचे नाव कुठेच नाही. त्याच्यासाठी माझा जीव तुटतो.

दगडावर ‘इलायजा स्टिनेट, वय सतरा’ एवढेच कोरावे. ‘शूरवीर’ वगैरे नको. लढाई गुलामांच्या मालकांची होती, आमच्याकडे एक खेचर होते. वर्षात कोरले नाही तर घर व बाग खालच्या वळणावरच्या काळ्या लोकांच्या चर्चला जाईल. त्यांचे आजे ती लढाई आम्ही हरलो म्हणून गुलामीतून सुटले.

३. मला आजोबांशेजारी पुरावे. त्यांना कोणी नावाने हाक मारली तर ते कधी ओ देत नसत. मुकाट उठून येत. का, ते मला फार उशिरा कळले. माती लोटण्याआधी वर्लनने मोठ्याने पुकारावे, “इलायजा स्टिनेट!” आणि जमलेल्या साऱ्या स्टिनेटांनी म्हणावे, “हजर.”

सही: ऑर्फा स्टिनेट
आमच्यासमक्ष सही केली: हॉलिस प्रुएट, मॉडी क्रेनशॉ
लॉरेल गॅप, १४ मार्च १९६१