मौनपर्णीचे उपयोग

४ जून
निश्चय झाला. कादंबरी फॅन्टसीच. मराठीत तलवारी आहेत, राक्षस आहेत, वनस्पतिशास्त्र नाही. माझ्या जगाचा कणा एक झाड असेल. उद्यापासून पहाटे पाचला उठणे, रोज हजार शब्द. दिवाळीपर्यंत पहिला खंड.
रश्मीला सांगितलं. म्हणाली, आधी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घाला. बायकोला संकल्पना सांगू नये.

५ जून
आठला उठलो. झोप पूर्ण झाली, त्याचा फायदा कथानकाला होईल.

११ जून
नाव सापडलं. मौनपर्णी. आठवडाभरात एवढंच झालं, पण नाव म्हणजे अर्धं काम.
उपयोग ठरवले. साल जाळली की राजाची सावली लांब पडते. चिकाने मोडलेली शपथ सांधता येते. देठाच्या धाग्याचं कापड फक्त मेलेल्यांना. जिवंत माणसाने घातलं तर घरचे त्याला ओळखत नाहीत. मुळीचा काढा पाजला की साक्षीदार खरं बोलतो आणि मग कायमचा मुका होतो, म्हणून त्या राज्यात न्यायालयं ओस पडली आहेत. पान जखमेवर बांधायचं. कुठलीही जखम भरते.
शेवटचा उपयोग मामुली आहे. पण सामान्य वाचकाला धरायला काहीतरी लागतं.

१५ जून, रविवार
पहिलं प्रकरण सोयऱ्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं. वर ‘कादंबरी’ असं लिहिलं नाही. वाचकाला थेट त्या जगात उतरवावं.
संध्याकाळपर्यंत एक अंगठा. पुतण्याचा. तो बारशाला आणि मयतीलाही अंगठाच देतो. नंतर कुणीतरी गुलाबाचं चित्र टाकलं. सकस मजकूर पचायला वेळ लागतो.

१६ जून
वाचक मिळाला!
पंजाबराव. रश्मीचे थोरले भाऊ, दर्यापूरकडे शेती. सकाळीच फोन. म्हणाले, जवाईबापू, ते पान जखमेवर ओलं लावा लागते का वाळलेलं? मी खुर्चीत बसलो. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतही मला मजकुराबद्दल इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. ओलं, म्हणालो.
त्यांना शुगर आहे. पेरणीआधी रान तयार करताना पायाच्या अंगठ्याला दगड लागला, जखम भरत नाही. अकोल्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या आणि रोजचं ड्रेसिंग चालू आहे. हे त्यांनी बरंच लांबवून सांगितलं.

१९ जून
पुन्हा फोन. झाड कोठी भेटते? स्पष्ट सांगितलं, असं झाडच नाही, मी मनाने बनवलंय. ते खुशीत हसले. म्हणाले, बराबर. देनारा असाच बोलते.
मग कळलं. त्यांची बायको मैनाबाई, तिचे वडील जन्मभर काविळीचं औषध द्यायचे. कशाचा पाला ते कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, कायचं झाड अन् कायचं काय, घरी जाय. देणाऱ्याने झाडाचं नाव-गाव कबूल केलं की गुण जातो. नाही म्हणाला की समजायचं, माणूस खरा.
विलक्षण साहित्य! चौथ्या प्रकरणात घेतलं. आता माझ्या राज्यात मौनपर्णीचा राखणदार विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, असं झाडच नाही. ग्रुपवर टाकलं.

२० जून
पाचला उठलो होतो. पाणी प्यायलो, परत झोपलो. पण उठलो होतो.

२६ जून
पंजाबराव आणि मैनाबाई दर्यापूरहून जीपने इथे अमरावतीला आले. खास माझ्याकडे. पंजाबरावांनी पाय स्टुलावर ठेवला आणि मी चौथं, पाचवं प्रकरण वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. मैनाबाई हात जोडून. अशी बैठक विद्यापीठाच्या सभागृहातसुद्धा जमत नाही. खोलीत वास येत होता. उदबत्ती लावली.
रश्मी स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, दादा, हे सारं खोटं आहे, यांनी बसल्याबसल्या लिहिलंय. पंजाबराव म्हणाले, तू चूप राय बाई, त्यायचा गुण घालवशीन. मग माझ्याकडे बघून डोळा मारला. मीही सांगितलं, खरंच नाही हो झाड. ते म्हणाले, नाईच हाये, नाईच हाये, आन् मैनाबाईला कोपराने ढोसलं.
म्हणजे मी दोनदा सांगितलं आहे. याची इथे नोंद असावी.

३ जुलै
रश्मी दिवसभर भांडली. सहाव्या प्रकरणात एक वाक्य आहे: दोन औषधं एका अंगात नांदत नाहीत. ते वाचून पंजाबरावांनी गोळ्या बंद केल्या. ड्रेसिंगही. रश्मी म्हणाली, ते वाक्य आत्ताच्या आत्ता काढा आणि ग्रुपवर लिहा की ही कथा आहे. लेखकाने आपल्या कृतीखाली खुलासे जोडत बसायचं का, हे तिला विचारलं. ती म्हणाली, माझ्या भावाचा पाय आहे तो, तुमची कृती नाही.
ते वाक्य माझ्या राणीच्या तोंडी आहे, ते गेलं तर तिचं वेड उभंच राहत नाही. तरी घरात शांतता हवी म्हणून तडजोड केली. ‘औषधं’ काढून ‘भेषजं’ केलं.

८ जुलै
पंजाबरावांना पान सापडलं! दर्यापूरच्या चंद्रभागेच्या काठाने हिंडले, वर्णनाशी जुळणारा पाला मिळाला, वाटून बांधला. मी काहीच केलेलं नाही. वाचकाने कलाकृती स्वतः पूर्ण केली. यावर एक निबंध होईल. पुढच्या आठवड्यात लिहिणे.
गुण आला का विचारलं. म्हणाले, एक नंबर. आंधी लय ठणके, आता त्या पायाले काईच समजून नाई राहिलं.
पहिला अभिप्राय.

१४ जुलै
मैनाबाईंचा फोन. अंगठा काळा पडला, जवाईबापू, कावून? मी म्हणालो, का ते डॉक्टरच सांगतील, त्यांच्याकडे जा. त्या म्हणाल्या, तुमी तं असंच म्हनसान, आमाले समजते. फोन ठेवला. या माणसांशी सरळ बोलण्याची सोयच नाही.
माझ्या मजकुरात बरी होण्याआधी जखम निळी होते. काळी जास्त प्रभावी आहे. बदल केला.

१८ जुलै
रश्मी दर्यापूरला गेली. गाडी करून भावाला अकोल्याला नेलं. मलाही चला म्हणाली. सातवं प्रकरण ऐन रंगात आहे, म्हणालो. ती एकटीच गाडीत बसली. समजूतदार होते आहे.
दिवसभरात एक परिच्छेद. घर रिकामं असलं की एकाग्रता होत नाही.

२० जुलै
पाय कापला. गुडघ्याखालून.
वाईट वाटलं. जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.
उद्या जाणे. अंथरुणावर माणसाला वाचनाची ओढ लागते. प्रकरणांची प्रिंट काढली, स्पायरल करून घेतली.

२१ जुलै
अकोला. पंजाबराव खाटेवर, मैनाबाई पायथ्याशी, रश्मी खिडकीत. रश्मीने स्पायरल पाहिली आणि मान फिरवली.
पंजाबरावांनी माझा हात धरला आणि माफी मागितली. म्हणाले, चूक माहीच हाये. तुमी अमरावतीले वाचून दाखवलं तवा माहा डोळा लागला होता. ग्रुपवरचंबी कामापुरतंच वाचलं, गोळ्या बंद करा, पाला बांधा, इतलंच ध्यानात ठेवलं. बाकीचं आयकलंच नाई, तं गुण कसा येईन? या पायाचं झालं ते झालं. दुसऱ्यासाठी आयकतो. पयल्यापासून वाचा.
मी वाचायला लागलो. या वेळी ते डोळे उघडे ठेवून, एकेक शब्द ऐकत होते. कुणी माझं असं कधीच ऐकलेलं नाही. माझा आवाजही चांगला लागला होता.
राजाची सावली लांब पडते तिथे त्यांनी हात वर केला. म्हणाले, थांबा. सावली? मी म्हणालो, हो. ते म्हणाले, जवाईबापू, हे तं कहानी हाये.
मी म्हणालो, हो.
म्हणाले, सारीच?
सारीच, म्हणालो.
मैनाबाईंनी चादर जिथे सपाट होती तिथे हात ठेवला. पंजाबराव माझ्याकडे वळले. मग विचारलं, मंग तुमी आमाले सांगतलं कावून नाई?
मी सांगितलं होतं. दोनदा. तारखाही सांगितल्या.
रश्मी म्हणाली, तुम्ही जा. मी इथेच राहते आहे. दार ओढून घ्या, दादाला वारा लागतो.
राणीचा प्रवेश यायचा होता. तो वाचायचा राहिला.
बसला गर्दी. मूर्तिजापूरपर्यंत उभा.