ओटाकारला काहीही न देण्याबाबत

मी, व्लास्तिमिल कोउत्नी, राहणार ब्रनो, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना माझ्यामागची व्यवस्था सांगून ठेवीत आहे. हात कापतो म्हणून मजकूर मुलीने टंकला. हस्तलिखित नसलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात दोन साक्षीदार लागतात. ते बरेच झाले.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगी झ्देना हिला. यावर वाद नाही.

२. स्वयंपाकघरातला जुना संगणकही तिलाच. तो अजून माझ्या पद्धतीने जागा होतो: एक काम उठते, पडद्यावर नाव सांगते, मग दुसरे. कोणते अडले ते कोणालाही दिसते. दरवर्षी माझ्या नावदिवशी, म्हणजे दिनदर्शिकेत माझे नाव असते त्या दिवशी, तो एकदा सुरू करावा. त्याला कोणीही सुधारू नये.

३. संगणक जागा करणाऱ्या या आज्ञावल्या मी आयुष्यभर फुकट सांभाळल्या. हौसेने प्रोग्रॅम लिहून फुकट वाटणाऱ्या आमच्या मंडळींत राखणदार गेला की त्याचे काम 'अनाथ' म्हणून जाहीर करतात. तसे करावे. दत्तक कोणी घेणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि त्याचे फार वाईट वाटते.

४. माझा मित्र ओटाकार विह्नालेक याच्याविषयी. तो नव्या पद्धतीचा. तीत सगळी कामे एकदम उठतात आणि एकच प्रोग्रॅम सर्वांवर मुकादमी करतो. बिअरच्या गुत्त्यात तो म्हणाला,

"व्लास्ता, कम्युनिस्टांच्या काळात संत्र्यांच्या रांगेत आपलं बालपण गेलं. आता यंत्रांनाही रांगेत उभं करतोस होय रे?"

"आणि तुझा तो पठ्ठ्या? उठवणार तोच, नोंदी ठेवणार तोच, घड्याळ लावणार तोच! एक ना धड, भाराभर चिंध्या!"

तेव्हा दोघेही हसलो. पुढे भांडण पेटले, कोणती पद्धत ठेवायची यावर मंडळींत मतदान झाले, मी हरलो. ते गिळले.

पण आमच्यात समोरासमोर भेटून, पारपत्र पाहून, 'हा माणूस तोच आहे' अशी संगणकावर एकमेकांसाठी सही देण्याची रीत आहे. ओटाकारने माझ्यासाठी दिलेली सही मतदानानंतर काढून घेतली. म्हणजे सगळ्यांदेखत सांगितले, की मी याला ओळखत नाही. हे मला अजून सलते.

५. सबब, ओटाकारला काहीही देऊ नये.

इथे झ्देना टंकायची थांबली. "बाबा, ओटाकाकांना साधा बिअरचा मगसुद्धा नाही?"

"नाही. ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही, बाळा."

ती आता त्याला आणायला जात आहे. तो न आल्यास वरच्या मजल्यावरच्या कोणाचीही सही घ्यावी.

ब्रनो, ९ नोव्हेंबर २०२३

(सही) व्लास्तिमिल कोउत्नी

साक्षीदार:

(सही) मिलाडा होलुबोवा, शेजारीण

(सही) ओटाकार विह्नालेक. पारपत्र मागितले नाही. या माणसाला मी ओळखतो.