पट रंगवणारीचा चेहरा

आई, आज दुपारी त्या बाईचं चित्र पुरं झालं. कोण बाई, ते सांगते. मी इथल्या एका चित्रकर्तीवर माहितीपट करते आहे. बंगाली, माझ्याहून मोठी, फटकळ, चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेणारी. तिने ध्यास घेतलाय जुन्या काळातल्या एका बाईचा. पूर्वी कालीघाटच्या देवळाबाहेर यात्रेकरूंना चित्रं विकायचे, पट म्हणायचे त्यांना. असे पट करणाऱ्या घरातली ती सून. बाहेर नाव नवऱ्याचं, आणि आतल्या खोलीत बसून रेघा ओढायची ही. एवढीच ऐकीव गोष्ट, ना नाव, ना फोटो. आणि आमच्या बाईसाहेबांना तिचा चेहरा काढायचाय! किती काढले आणि फाडले. "ही तर नाटकातली राणी झाली," असं स्वतःच म्हणायची आणि टरकन फाडायची. मी मुकाट्याने शूटिंग करत राहायचे.

मागच्या महिन्यात ब्रश टाकून मलाच विचारते, "तू पहिल्यांदा कुठल्या बाईला चित्र काढताना पाहिलंस?" मी म्हटलं, "आईला." तोंडातून निघूनच गेलं बघ. मग सगळं सांगत बसले. कोलकात्याच्या गार्डन रीचमधलं आपलं क्वार्टर, आणि रोज सकाळी आंघोळ करून तू दारात काढलेली रांगोळी. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला तू रांगोळीची पिशवी आणायला लावायचीस आणि बाबा कुरकुरायचे, "दगडाची भुकटी आणतात का कोणी एवढ्या लांबून!" आणि मग ती कोजागिरी. रात्री आपण गच्चीवर मसाला दूध प्यायलो, समोरच्या काकिमांकडे लक्ष्मीपूजा झाली. तांदळाच्या पिठाने त्यांनी जिन्यापासून दारापर्यंत लक्ष्मीची पावलं काढली होती. शिळी रांगोळी दारात ठेवू नये, हे तुझ्या हाडीमाशी मुरलेलं. सकाळी तू फडकं घेऊन आपली पुसलीस, आणि काकिमा पूजेने दमल्या असतील म्हणून त्यांची पावलंही स्वच्छ पुसून टाकलीस. त्यांनी दार उघडलं आणि किंचाळल्याच, "ए की कोरले, दीदी!" घरात आलेली लक्ष्मी तू पुसून टाकली होतीस गं! तू ओलं फडकं हातात घेऊन उभी. "मैंने तो साफ किया," एवढंच म्हणालीस. संध्याकाळी त्यांनी नारळाचे लाडू पाठवले, राग गेला होता त्यांचा. पण तू पुन्हा रांगोळीला हात लावला नाहीस, दिवाळीतसुद्धा नाही. मी हट्ट केला की म्हणायचीस, "परक्या गावात कशाला उगाच?" मग मी बाजारातून स्टिकर आणून चिकटवायचे. आता आठवलं की जीव तुटतो. एवढा देखणा हात, आणि उरलेलं आयुष्य तो नुसत्या पोळ्या लाटत राहिला.

हे ऐकून चित्रकर्ती आधी खो खो हसली. बंगालीच ती, काय घोटाळा झाला ते लगेच कळलं तिला. मग म्हणाली, "आईचा फोटो आण." घरी येऊन मी सगळे अल्बम उपसले. वाढदिवस, सत्यनारायण, दार्जिलिंग, सगळीकडे तू कॅमेऱ्याकडे बघून अवघडून हसतेस. रांगोळी काढतानाची तू एकाही फोटोत नाहीस. कोण काढणार त्या कामाचा फोटो! "मग तोंडाने सांग," ती म्हणाली. मी सांगत गेले. एक गुडघा उभा, पदर खोचलेला, चिमटीतून सुटणारी पांढरी धार. ती काढत गेली. या खेपेला तिने एकही कागद फाडला नाही.

आज तिने चित्रावरचं कापड दूर केलं. जमिनीवर बसलेली, पटावर वाकलेली बाई. नजर खाली, ओठ किंचित दुमडलेले. माझा कॅमेरा चालू. "अशीच दिसायची ना तुझी आई?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो, अगदी अशीच." ती हमसून रडायला लागली, मलाही आवरेना. तिला तिची बाई सापडली, माझ्या माहितीपटाला शेवट मिळाला. हे पत्र काही कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून तुला खरं सांगते. तू रांगोळी काढायचीस तेव्हा मी उंबऱ्यात, तुझ्या पाठीमागे उभी असायचे. पाय पडेल म्हणून तू समोर येऊच द्यायची नाहीस. तेव्हाचा तुझा चेहरा मी कधी बघितलाच नाही गं.