तिन्ही शब्दांपुढे सॉरी

मंगळवार, संध्याकाळ. बेसा.

स्वतःच्या हातानं घालवलं मी सगळं. जपानमधल्या वृद्धाश्रमातल्या नोकरीची ऑनलाइन मुलाखत छान चालली होती. मग त्यांनी तिथल्याच एका म्हाताऱ्या बाईंना स्क्रीनसमोर बसवलं, "यांच्याशी बोला" म्हणाले. बाईंनी हसून नाव सांगितलं आणि मी लाडात "ओबाआसान" म्हणून बसले. म्हणजे आजी! आपल्याकडे दुसरं काय म्हणतात? स्वेटरचं बटण लावता लावता त्यांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा नाव सांगितलं, सावकाश. मी पुन्हा आजीच म्हटलं.

सदरमधल्या जपानी क्लासच्या मॅडम फोनवर भडकल्या. "तिथं नावानंच हाक मारतात, शिकवलं होतं ना? आजच त्या बाईंना माफीचा मेल कर."

क्लासच्या वहीत माफीचे तीन शब्द. सुमिमासेन, गोमेन नासाई, मोशिवाके गोझाइमासेन. तिन्हींपुढे माझ्याच अक्षरात सॉरी, सॉरी, सॉरी. पहिला रस्त्यात धक्का लागल्यावरचा वाटतो. दुसरा घरच्यांसाठीचा. तिसरा फारच मोठा. पण ते अर्धवट राहिलेलं बटण केवढं होतं?

आई म्हणाली, "काहून रडून राहिली वं? आजीच तं म्हटलं, शिवी थोडीच देल्ली!"

शेवटी तिसरा शब्द लिहिला, दहादा तपासला, वृद्धाश्रमाच्या मेलवर पाठवला. आत्ता मेल पुन्हा वाचला. माफी अगदी बरोबर आहे. त्यांचं नाव कुठेच नाही. दोनदा सांगितलं होतं त्यांनी, आणि मला ते आठवत नाही.