इंजिन गार हवं

प्रिय जावईबापू,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकला असशील. अक्षर माझ्या लेकीचं असलं तरी आतलं पत्र माझं आहे, तेव्हा भलतीसलती शंका मनात आणू नकोस. तुझा नवा पत्ता माझ्याकडे नव्हता. सकाळी ती कामावर जायच्या गडबडीत डबा भरत होती, तेव्हा मी कोरं पाकीट पुढे केलं आणि त्याचा पत्ता घाल म्हटलं. तिने हात पुसले, पत्ता घातला, डब्याचं झाकण लावलं आणि गेली. का, कशाला, काही नाही. आमच्या घरात सध्या कुणी कुणाला का म्हणून विचारत नाही.

जावईबापू हे सवयीने लिहून गेलो. खोडावं की ठेवावं यात बराच वेळ गेला, शेवटी ठेवलं. पण इथून पुढे तुला ‘तू’ म्हणणार आहे. इतकी वर्षं अहो-जाहो केलं, कारण जावयाला अरे-तुरे करायचं नसतं हे वडिलांनी माझ्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. तू दर वेळी अवघडून म्हणायचास, बाबा, तू म्हणा हो. आता कोर्टानेच ती अडचण दूर केली. त्या निकालाने एवढं एक तरी काम बरं केलं. तुला फोनच करणार होतो. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. फोनवर तू ‘बोला बाबा’ म्हणशील की नुसतंच ‘हॅलो’, हे आधी कळायची सोय नाही. पत्राचं बरं असतं, समोरच्याचा आवाज ऐकावा लागत नाही.

आम्ही ठीक आहोत. तीही ठीक आहे, मीही ठीक आहे. ती वेळेवर जाते, वेळेवर येते, ओट्यापाशी उभ्यानेच जेवते. जेवणाच्या टेबलाशी तुझी जी खुर्ची होती, तिच्यावर आता इस्त्रीचे कपडे असतात. कुणी मुद्दाम ठेवले नाहीत, हळूहळू साठले. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की ओठ कसा होतो, आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं चाललंय. मला रडू येत नाही, राग येत नाही. रागवायचं तरी कुणावर? तुम्ही भांडला असता, भांडी आपटली असती, तर वडीलधारा म्हणून मधे पडता आलं असतं. तू दुसऱ्या शहरात नोकरी घेतलीस, तिने यायचं नाही असं ठरवलं, आणि दोघंही इतक्या समजूतदारपणे वागलात की मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही.

पण एक सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही. तिने नवरा सोडला, तू बायको सोडलीस. मी तर कुणालाच सोडलं नव्हतं. माझी कुठे सहीसुद्धा घेतली नाही. घरात कुणी गेलं असतं तर चार माणसं भेटायला आली असती, बसली असती. जावई गेला म्हणून सासऱ्याला कोण भेटायला येणार? तू आता माझा कोण, हे मला कळत नाही. तुझ्या लेखी मी अजून कुणी आहे की नाही, तेही कळत नाही. दिवसभर डोक्यात तेवढंच असतं, बाकी सगळं मोकळं.

तुझ्या सासूबाई गेल्यावर मी इथे परदेशात तुमच्याकडे आलो, तेव्हा पहिला महिना मी खिडकीतून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजत बसायचो. तू एका रविवारी जेवणानंतर लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसलास आणि म्हणालास, बाबा, तुमची नजर चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासण्यात गेली, जरा ह्या फोटोत काय दिसतं ते सांगा. जुन्या मोटरसायकलची जाहिरात होती. मी भिंग आणलं आणि सांगितलं की इंजिनाखालची फरशी तेवढीच ओली आहे, फोटो काढण्याआधी पुसलेली आहे, म्हणजे तेल गळतंय. तू टाळीच दिलीस. माझ्या चष्म्याच्या दुकानात मला एवढी शाबासकी कधी मिळाली नव्हती. तेव्हापासून आपला रविवार ठरून गेला.

गंमत म्हणजे तुला नक्की काय हवं तेच ठरत नव्हतं. मातीत आणि डांबरावर दोन्हीकडे चालणारी, मोठ्या पुढच्या चाकाची ड्युअल-स्पोर्ट, की त्याच जातीची पण लहान, रुंद, रस्त्याची चाकं घातलेली, गावात सुसाट वळणारी सुपरमोटो. सोमवारी एक, शुक्रवारी दुसरी. दुकानात मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे भिंगं बदलत विचारायचो, हे बरं की ते बरं? त्यात एक जात असायची, दोन्ही सारखंच वाटतं म्हणणारी. तू त्या जातीचा. मी तुला चिडवायचो, आणि आपली कन्या आपल्या दोघांना चिडवायची. म्हणायची, हे दोघे म्हणजे मुलगी बघायला जाऊन, चहा पिऊन, कळवतो म्हणून परत येणारे. तीन वर्षं आपण नुसतं कळवतोच म्हणत राहिलो. कुणाचे रिम वाकलेले, कुणाच्या चेनच्या चक्राचे दात झिजून हुकासारखे झालेले, कुणाचे कागद एका नावाचे आणि गाडी दुसऱ्याच्या. खरं सांगू, एखादी निर्दोष सापडली असती तर मला वाईटच वाटलं असतं.

तू गेल्यावर जाहिराती येत राहिल्या. तूच माझ्या फोनवर ती सोय करून दिली होतीस, रोज सकाळी टिंग वाजतं. ती बंद कशी करायची मला येत नाही असं मी स्वतःला सांगितलं. मग एका रविवारी, घरात दोन माणसं असूनही आवाज नाही, तेव्हा वाचनालयात जातो म्हणून निघालो आणि दोन बस बदलून एका सुताराकडे गाडी बघायला गेलो. मला मोटरसायकल चालवता येत नाही, आणि त्या जातीच्या गाडीवर बसलो तर माझे पाय जमिनीपासून हातभर वर राहतात. सुताराने मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, घरच्यासाठी. त्याच्या गाडीच्या पुढच्या शॉकअब्सॉर्बरच्या नळ्यांवरून तेल ओघळत होतं. कळवतो म्हटलं आणि आलो.

त्यानंतर वाचनालयाच्या या वाऱ्या वाढल्या. तू शिकवलेलं सगळं करतो. आधीच फोन करून बजावतो की मी येईपर्यंत चालू करू नका, इंजिन गार हवं. पोचल्यावर पहिल्यांदा हाताची पालथी बाजू इंजिनाला लावून बघतो. गरम लागलं तर समजायचं, सकाळी चालू व्हायला त्रास देते आणि मालकाने आपल्या आधी तिला उठवून ठेवलंय. इथली भाषा माझी अजून मोडकीतोडकीच आहे, पण तिच्यात मला चाकाचा आरा ढिला आहे का, सायलेन्सर मूळचा का बदललेला, हे विचारता येतं. मुलगी कशी आहे असं शेजारीण विचारते, त्याचं उत्तर मात्र तिच्या भाषेतही येत नाही आणि आपल्याही. एका पोराच्या सुपरमोटोचं मागचं टायर मधोमध सपाट झालेलं होतं आणि मागची नंबरप्लेट खालून घासून निम्मी उरली होती. मी विचारलं, पुढचं चाक कधी जमिनीला लागतं का? त्याने मला एकदम आदराने खुर्ची दिली. तू असतास तर परतीच्या वाटेवर यावर हसलो असतो. बसमध्ये मी एकटा हसून पाहिलं, जमलं नाही.

मजा येत होती असं समजू नकोस. दुःखही होत नव्हतं. जायचं, वाकायचं, बघायचं, परत यायचं. मलाच कुणी भिंगं बदलत विचारलं असतं, हे बरं की ते बरं, तर मीही दोन्ही सारखंच म्हणालो असतो. फक्त गाडीशेजारी वाकलेलो असताना, मान वर केली की पलीकडे तू उकिडवा बसलेला दिसशील असं उगाच वाटायचं. ते वाटणं संपलं की निघायचो.

गेल्या शनिवारी जी पाहिली ती मात्र वेगळी. रेल्वेने तुझ्या शहराच्या दिशेने तासभर, पुढे थोडं चालत. मालकीण शाळेच्या बसची ड्रायव्हर, ताडमाड उंच, कंबरेच्या दुखण्याने आता तिचा पाय सीटवरून पलीकडे सहज जात नाही म्हणून विकतेय. घरामागे पत्र्याची शेड, आत जमीन झाडलेली, आणि गाडी अशी उभी की तिच्याकडे रोज कुणीतरी पाहत असावं. इंजिन गार होतं, सांगितल्याप्रमाणे. बटण दाबल्यावर दुसऱ्या दमात सुरू झाली, एका सिलिंडरचा तो ठोका, मधे कुठे अडखळणं नाही. इंजिन वाचवणारी खालची पट्टी चरे पडलेली, म्हणजे मातीत गेलेली आहे, पण आपटलेली नाही. हँडल डावीउजवीकडे वळवून पाहिलं, कुठे खाच लागत नाही. चेन नवी, चक्रांचे दात जाग्यावर. कागद तिच्याच नावाचे, चौकटीवरचा नंबर मी भिंग लावून जुळवला. तिने गल्लीत दोन फेऱ्या मारून दाखवल्या, कुरकुरत, कंबरेला शिव्या देत. आणि शेडच्या भिंतीवर चाकांची दुसरी जोडी टांगलेली, लहान, रुंद, रस्त्याची. ती म्हणाली, हिवाळ्यात ही, उन्हाळ्यात ती, अर्ध्या तासात बदलतात. तीन वर्षं आपण जिच्यावरून वाद घातला ती गोष्ट तिथे खिळ्याला लटकत होती. मी खोट शोधायची पराकाष्ठा केली. सीटला एक शिवण उसवली आहे, बस्स.

आता हे पत्र का, ते सांगतो. मालकिणीने आत नेऊन कॉफी दिली, मी निघताना सवयीप्रमाणे कळवतो म्हटलं, तर ती हसली. म्हणाली, आधीचा माणूसही हेच म्हणून गेला, तुमच्यासारखाच इंजिनाला पालथा हात लावणारा. तुमच्याच देशाचा दिसत होता, वाकला की चष्मा नाकावरून घसरायचा. (नाकाचे पॅड आवळून घे म्हणून तुला किती वेळा सांगितलं.) त्याला गाडी फार आवडली होती, पण घेतो म्हणाला नाही. म्हणाला, सासऱ्यांना दाखवल्याशिवाय घेत नाही, त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. मग महिना झाला, आलाच नाही. ती म्हणाली, सासरा खडूस असणार. बऱ्याच महिन्यांनी मला आतून काहीतरी झालं, कपबशी खाली ठेवावी लागली. मी तिला सांगितलं की तो खडूस सासरा मीच. तिने गाडी दुसऱ्या कुणाला न दाखवता ठेवायचं कबूल केलं आहे. कदाचित तू नुसती सुटका करून घ्यायला तसं बोलला असशील, गाडी न घ्यायला माणूस काहीही कारण देतो. असेल तसंही. पण कारण शोधतानासुद्धा तुला मीच सापडलो, आणि तेही ‘आधीचे सासरे’ म्हणून नव्हे, नुसते सासरे म्हणून. मला तेवढं पुरे आहे. तेव्हा तुझ्या शब्दाप्रमाणे सासऱ्यांना दाखवून झाली आहे असं समज. मी वाकून, सगळ्या बाजूंनी, पुरता अर्धा दिवस पाहिली. मला पसंत आहे. घे.

तुझाच,
सासरा